पीएच.डी.ची वर्षे आणि नवा संसार : घर, पैसा, रजा आणि हक्क

पीएच.डी.ला प्रवेश बहुधा पंचविशीच्या आसपास मिळतो आणि अनेकांचे लग्नही त्याच सुमारास होते. संशोधनाची पाच-सहा वर्षे आणि संसाराची पहिली पाच-सहा वर्षे अशी एकाच वेळी अंगावर येतात. या काळात त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. फेलोशिपवर दोघांचे भागेल का? वसतिगृहात जोडप्याला जागा मिळते का? लग्नानंतर गाव बदलले तर झालेल्या कामाचे काय? विद्यार्थिनीला बाळंतपणाची रजा असते का? नॉन-क्रिमिलेअरसाठी उत्पन्न सासरचे धरायचे की माहेरचे?

यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे नियमांत आहेत. नुकसान होते ते नियम माहीत नसल्याने, किंवा माहीत असूनही लेखी अर्ज न केल्याने. घरातही तेच घडते. पैसा, वेळ आणि कामाची वाटणी हे विषय सुरुवातीलाच बोलून ठरवले नाहीत तर ते पुढे ऐन प्रबंधाच्या वेळी भांडणाच्या रूपाने समोर येतात. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यावर कोणता निर्णय घ्यायचा, कोणता कागद करायचा आणि कोठे फसगत होते, हे क्रमाने दिले आहे. मुख्य विचार महाराष्ट्रात शिकणाऱ्या जोडप्यांचा आहे; परदेशी जाणाऱ्यांसाठी शेवटी स्वतंत्र भाग आहे.

१. लग्नानंतरची कागदपत्रे

विवाह नोंदणी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतरही ती होते, पण विलंबाचा दंड भरावा लागतो. शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि खेड्यात ग्रामपंचायतीत हे काम होते. तीन साक्षीदार लागतात. त्यांना एकाच दिवशी एकत्र आणणे पुढे अवघड जाते, म्हणून पाहुणे पांगण्याआधीच तारीख घ्यावी. विवाहितांचे वसतिगृह, विमा, जोडीदाराचा व्हिसा, सगळीकडे पहिली मागणी या दाखल्याचीच होते.

नाव. लग्नानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही. पीएच.डी.ची नोंदणी, नेटचे प्रमाणपत्र, फेलोशिपचा आदेश, आधार, पॅन आणि बँक खाते या सर्वांवर नाव एकच असले पाहिजे. एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे आडनाव असेल तर फेलोशिपचा हप्ता अडकू शकतो. नाव बदलायचेच असेल तर आधी राजपत्रात प्रसिद्धी घ्यावी आणि मग सर्व कागद एकामागून एक बदलावेत. शोधनिबंध एका नावाने प्रसिद्ध झाले असतील तर लेखनासाठी तेच नाव चालू ठेवणे हिताचे.

जात, नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस. सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो.

- जात जन्माने ठरते. लग्नाने ती बदलत नाही; जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाचेच राहते. नाव बदलले असल्यास सोबत विवाह दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडावी.
- केंद्राच्या नियमानुसार इतर मागासवर्गातील विवाहित स्त्री क्रिमिलेअरमध्ये येते की नाही हे तिच्या आईवडिलांच्या स्थितीवरून ठरते. पतीचे उत्पन्न तेथे पाहिले जात नाही.
- ईडब्ल्यूएसचा हिशेब वेगळा आहे. त्यात अर्जदार, आईवडील, १८ वर्षांखालील भावंडे, जोडीदार आणि १८ वर्षांखालील मुले या सर्वांचे उत्पन्न एकत्र धरतात. मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये. लग्नानंतर जुना दाखला तसाच वापरत राहणे म्हणून धोक्याचे ठरते.

शिधापत्रिका. माहेरच्या किंवा मूळ कुटुंबाच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन नव्या पत्रिकेत नाव चढवावे. हे काम बहुतेक जण टाळतात, पण राज्याच्या आरोग्य योजनेचा लाभ घेताना हाच कागद लागतो.

२. राहण्याची सोय

संस्थेतील घर. काही संस्थांत विवाहित संशोधकांसाठी स्वतंत्र निवास असतो. आयआयटी मुंबईतील ‘तुळशी’, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील ‘महानदी’ आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विवाहितांची घरे ही त्याची उदाहरणे. घरे कमी आणि मागणी जास्त असल्याने प्रतीक्षा यादी लांब असते. विवाह दाखला हाती आला की लगेच अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी, कारण क्रमांक बहुधा अर्जाच्या तारखेवर ठरतो. आपल्या विद्यापीठात अशी सोय आहे का, हे वसतिगृह प्रमुखांना लेखी विचारावे. एक लक्षात ठेवावे : संस्थेचे वसतिगृह मिळाले की फेलोशिपमधील घरभाडे भत्ता सामान्यतः थांबतो.

भाड्याचे घर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगतो त्या अटी, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ‘नोटरी केलेला कागद पुरे’ असे एजंट सांगतो, ते मान्य करू नये. निवासी घराच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या पाव टक्का असते. नेहमीच्या भाड्याला ते काही शे रुपयेच होते. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये.

करार करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

- दोघांचीही नावे करारात असावीत. एकाचेच नाव असेल तर दुसऱ्याकडे पत्त्याचा पुरावा राहत नाही.
- डिपॉझिट परत करण्याची मुदत आणि त्यातून काय कापता येईल हे स्पष्ट लिहिलेले असावे.
- सोसायटीचा मेंटेनन्स, पाणी आणि पार्किंग यांचे पैसे कोण देणार हे नोंदवलेले असावे.
- घर ताब्यात घेताना भिंती, नळ, गीझर, पंखे यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवावेत. घर सोडताना होणारा वाद त्याने बहुतेक मिटतो.

घर कोठे घ्यावे? भाडे कमी म्हणून विद्यापीठापासून दूर घेतलेले घर रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबणाऱ्याला महाग पडते. पेट्रोल, वेळ आणि रात्रीचा प्रवास हिशेबात धरूनच भाड्याची तुलना करावी. दोघे दोन ठिकाणी शिकत असतील तर ज्याला उशिरा परतावे लागते त्याच्या संस्थेजवळ घर असणे बरे.

३. पैशाचे नियोजन

उत्पन्न. केंद्राच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची (जेआरएफ) रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ फेलोशिपची (एसआरएफ) ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता याव्यतिरिक्त, शहराच्या वर्गाप्रमाणे मिळतो. मुंबई आणि पुणे सर्वांत वरच्या एक्स वर्गात आहेत. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर वाय वर्गात येतात. युजीसीची फेलोशिप पाच वर्षांची असते : पहिली दोन वर्षे जेआरएफ आणि मूल्यमापनानंतर पुढची तीन एसआरएफ. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही त्यांच्या-त्यांच्या प्रवर्गातील संशोधकांना फेलोशिप देतात.

हप्ता का अडकतो? युजीसीच्या फेलोशिपमध्ये विद्यार्थी काम करत असल्याची पुष्टी संस्थेने दरमहा ऑनलाइन करायची असते. ती संस्थेकडून राहून गेली की त्या महिन्याचे पैसे येत नाहीत. महिन्याच्या शेवटी संबंधित कार्यालयात जाऊन खात्री करणे हे घरभाडे भरण्याइतकेच नेमाचे काम समजावे. दोन वर्षे पूर्ण होण्याच्या दोन-तीन महिने आधीच एसआरएफच्या मूल्यमापन समितीसाठी गाइडकडे विषय काढावा. समितीची बैठक लांबली की वाढीव रक्कमही लांबते. पहिला हप्ता येण्यास काही महिने लागू शकतात, म्हणून रुजू होतानाच किमान चार महिन्यांचा खर्च हाताशी असावा.

महिन्याचे अंदाजपत्रक. उदाहरणादाखल पुण्यात एकाच फेलोशिपवर चालणारे, जोडीदारही शिकत असलेले घर घ्यावे. घरभाडे भत्ता थेट भाड्यात जातो असे धरल्यास ३७,००० रुपयांची वाटणी अशी करता येते.

- भत्ता वजा जाता उरलेले भाडे आणि मेंटेनन्स : ५,५००
- किराणा, भाजी, दूध, गॅस : ९,५००
- वीज, इंटरनेट, मोबाइल : २,५००
- प्रवास आणि पेट्रोल : ३,०००
- जोडीदाराचे शुल्क, पुस्तके, परीक्षा : ४,०००
- विमा आणि औषधे : २,०००
- गावी पाठवायचे पैसे : ३,०००
- सणवार, आहेर, गावाकडच्या फेऱ्या : २,०००
- राखीव : ५,५००

आकडे प्रत्येक घरी बदलतील; रकाने मात्र हेच राहतील. त्यांतील शेवटचे तीन बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि महिन्याची ओढाताण तेथूनच सुरू होते. गावी किती पाठवायचे, कोणाच्या लग्नात किती आहेर करायचा, धाकट्या भावंडाच्या फीचा भार किती उचलायचा, हे दोघांनी मिळून ठरवावे आणि ठरलेली रक्कम दोन्हीकडच्या आईवडिलांना स्पष्ट सांगावी. फेलोशिपला पगार समजून नातेवाईक अपेक्षा ठेवतात. ती ठरावीक मुदतीने थांबणारी रक्कम आहे हे त्यांना वेळीच कळलेले बरे.

लक्षात ठेवायचे नियम

- पूर्ण फेलोशिप घेताना दुसरी पगारी नोकरी करता येत नाही. लपवून केलेल्या नोकरीपायी घेतलेली रक्कम परत करण्याची वेळ येऊ शकते. तासिका घ्यायच्या असतील तर आदेशातील अट वाचून लेखी परवानगी घ्यावी.
- शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला आयकर लागत नाही. प्रकल्पातील पदाचे वेतन मात्र करपात्र असू शकते. आदेशावर ‘फेलोशिप’ आहे की ‘वेतन’, हे पाहावे.
- घरखर्चासाठी एक संयुक्त खाते असावे, पण फेलोशिप ज्याची त्याच्या स्वतःच्या खात्यात यावी. दोन्ही खात्यांवर नामनिर्देशन करावे.

आजारपण. विद्यापीठाची आरोग्य योजना अनेकदा फक्त विद्यार्थ्यापुरती असते. जोडीदार तिच्यात येतो का, हे विचारून घ्यावे. खासगी पॉलिसीत बाळंतपणाच्या खर्चासाठी बहुधा काही वर्षांची प्रतीक्षा असते. पुढे मूल हवे असेल तर पॉलिसी लग्नानंतर लगेच घेण्याला अर्थ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ठरावीक उपचारांसाठी, योजनेतील रुग्णालयांत, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते.

४. वेळ आणि घरकाम

संशोधनाला ठरलेली सुट्टी नसते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवे माध्यम द्यावे लागते, मग तो रविवार असो की पाडवा. क्षेत्रकार्य करणारा पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस बाहेर राहतो. जोडीदार दुसऱ्या क्षेत्रातला असेल तर हे त्याला आपोआप कळत नाही, टाळाटाळ वाटते. म्हणून पुढची व्यवस्था उपयोगी पडते.

1. वर्षाचे एकत्र कॅलेंडर. कोर्सवर्कची परीक्षा, दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे होणारे सादरीकरण, परिषदा, जोडीदाराच्या परीक्षा आणि घरचे सण एकाच कॅलेंडरवर लिहावेत. दोघांचे कठीण आठवडे एकत्र येत असतील तर ते निदान आधी दिसतात.
2. आठवड्यातून एकदा अर्धा तास. रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्यात कोण कधी उशिरा येणार, स्वयंपाक कोणाचा, बँकेत किंवा विद्यापीठात कोण जाणार, हे ठरवावे.
3. कामांची यादी, माणसांची नव्हे. ‘मदत करतो’ म्हटल्याने काम एकाचेच राहते आणि दुसरा पाहुणा ठरतो. भाजी आणणे, कणीक मळणे, भांडी, कपडे, गॅस नोंदवणे, बिले भरणे ही सगळी कामे लिहून पूर्णपणे वाटून घ्यावीत. ज्याचे काम त्यानेच ते लक्षातही ठेवायचे.
4. कठीण महिन्यांची सोय. प्रबंध लिहिण्याच्या काळात डबा लावणे किंवा पोळ्यांना बाई ठेवणे ही चैन नव्हे. त्यासाठी राखीव रकमेतून आधीच पैसे बाजूला ठेवावेत.

सासर-माहेरच्या अपेक्षांबाबत दोघांनी एकच उत्तर द्यावे. ‘शिक्षण कधी संपणार?’ या प्रश्नावर अंदाजे वर्ष सांगावे आणि त्यात बदल झाला तर तोही कळवावा. गौरी-गणपतीला किती दिवस येता येईल, हे महिनाभर आधी ज्याच्या घरचे कार्य त्याने स्वतः सांगावे. सुनेकडून निरोप गेला की नाराजी तिच्या वाट्याला येते.

५. मूल, रजा आणि मुदतवाढ

युजीसीचे पीएच.डी.विषयक विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाले. विवाहित विद्यार्थ्यांसाठी त्यांतील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

- पीएच.डी.चा किमान काळ तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे, कोर्सवर्क धरून. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात.
- स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. एकूण मर्यादा दहा वर्षे.
- पीएच.डी.च्या संपूर्ण काळात विद्यार्थिनीला प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्यांनीही निराश होऊ नये. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत देण्यासाठी नियम करावेत, असे युजीसीने १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राने विद्यापीठांना कळवले आहे. विभागात ‘अशी पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले तर या पत्राचा हवाला देऊन कुलसचिवांकडे अर्ज करावा.

रजेचा अर्ज. रजेचे बोलणे गाइडशी तोंडी होते आणि तेथेच थांबते. मग हजेरी, फेलोशिप आणि मुदत या तिन्हींवर परिणाम होतो. अर्ज गाइडमार्फत विभागप्रमुखांना करावा आणि त्यात रजेच्या तारखा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, संबंधित विनियमाचा उल्लेख आणि फेलोशिप चालू ठेवण्याची विनंती असावी. मजकूर असा असू शकतो : ‘युजीसीच्या पीएच.डी.विषयक विनियम २०२२ मधील तरतुदीनुसार दि. … ते दि. … या काळात मला प्रसूती रजा मंजूर करावी, तसेच या काळातील फेलोशिपबाबत आवश्यक ती पुष्टी संबंधित पोर्टलवर करावी.’ पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. रजेच्या काळात फेलोशिप मिळते का, हे फेलोशिप देणाऱ्या संस्थेच्या आदेशात पाहावे.

बाळ आल्यावर. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असणे कायद्याने आवश्यक आहे. हा हक्क कर्मचाऱ्यांचा असला तरी विद्यार्थ्यांच्या मुलांना तेथे घेता येईल का, याची विचारणा करावी. रसायने किंवा किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्या विद्यार्थिनीने गरोदरपणाची शक्यता दिसताच गाइड किंवा सुरक्षा अधिकाऱ्यांशी बोलून काम बदलून घ्यावे. हा संकोच करण्याचा विषय नाही. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातांना ५,००० रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडीमार्फत करता येतो.

६. दोघे दोन गावांत

एकाला पुण्यात आणि दुसऱ्याला हैदराबादला जागा मिळणे ही नित्याची गोष्ट आहे. येथे तीन पर्याय असतात.

1. वेगळे राहणे. दोन घरांचा खर्च आणि प्रवास आधी मांडावा. असे किती काळ राहायचे याची तारीख ठरवावी आणि ती आली की पुन्हा विचार करावा.
2. अर्धवेळ पीएच.डी. जोडीदाराच्या गावी नोकरी घेऊन अर्धवेळ नोंदणी करता येते, पण नोकरी देणाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.
3. स्थलांतर. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावे लागलेल्या विद्यार्थिनीला आपले संशोधन नव्या संस्थेत नेण्याची मुभा २०२२ च्या विनियमांत आहे. विनियमांतील बाकीच्या अटी पाळाव्या लागतात आणि ते काम मूळ संस्थेला किंवा गाइडला मंजूर झालेल्या प्रकल्पाचा भाग नसावे लागते. आधीच्या गाइडला झालेल्या कामाचे योग्य श्रेय द्यावे लागते.

स्थलांतर करायचे असेल तर आधी नव्या संस्थेतील गाइडची लेखी संमती घ्यावी आणि मगच जुन्या संस्थेत अर्ज द्यावा. उलट क्रमाने गेल्यास दोन्हीकडची जागा जाण्याची भीती असते.

७. परदेशी शिक्षण आणि जोडीदाराचा व्हिसा

देश निवडतानाच जोडीदाराला तेथे काय करता येईल हे पाहावे.

- अमेरिका. एफ-१ विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसा मिळतो. त्यावर कोणतीही नोकरी करता येत नाही. पूर्णवेळ पदवीचे शिक्षण घेण्यासाठी व्हिसाचा प्रकार बदलावा लागतो, अर्धवेळ शिकता येते. जे-१ व्हिसावर गेलेल्याचा जोडीदार, म्हणजे जे-२ व्हिसाधारक, कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो, मात्र जे-१ सोबत दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होऊ शकते. सोबत जोडीदार न्यायचा असेल तर विद्यापीठ जास्त रकमेचा आर्थिक पुरावा मागते आणि त्याच्या आरोग्य विम्याचा खर्चही मोठा असतो.
- ब्रिटन. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अध्यापनावर आधारित (टॉट) मास्टर्स अभ्यासक्रमांना जोडीदार नेता येत नाही. पीएच.डी., संशोधनावर आधारित पदव्युत्तर पदवी आणि सरकारी शिष्यवृत्तीवरील काही विद्यार्थ्यांना ही सोय आहे.

हे नियम वारंवार बदलतात. एजंटच्या माहितीपत्रकावर न विसंबता त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील अर्जाच्या वेळचा नियम वाचावा. जोडीदाराने स्वतःचे शिक्षण किंवा नोकरी सोडून जायचे असेल तर तो तेथे दोन-तीन वर्षे काय करणार, याचे उत्तर निघण्यापूर्वी दोघांकडे असले पाहिजे.

८. अडचण आली तर

- सततची झोपमोड, चिडचिड, कामात मन न लागणे असे दिसल्यास १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.
- शिक्षण थांबवण्यासाठी घरात छळ, मारहाण किंवा पैशांची अडवणूक होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण आहे. महिला हेल्पलाइन १८१. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्याचा क्रमांक १५१००.
- रजा, मुदतवाढ किंवा फेलोशिप नाकारली गेल्यास नकार लेखी मागावा आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा.

९. पहिल्या तीन महिन्यांत करायची कामे

1. विवाह नोंदणी आणि दाखल्याच्या तीन-चार प्रती.
2. नावाबाबत निर्णय; सर्व कागदांवर एकच नाव आहे ना, याची तपासणी.
3. विवाहितांच्या निवासासाठी अर्ज किंवा नोंदणीकृत भाडेकरार.
4. शिधापत्रिकेत नाव, आरोग्य विमा, बँक खात्यांवर नामनिर्देशन.
5. फेलोशिपच्या आदेशातील रजा, नोकरी आणि घरभाडे भत्ता यांविषयीच्या अटींवर खूण.
6. महिन्याचे अंदाजपत्रक आणि चार महिन्यांची राखीव रक्कम.
7. वर्षाचे एकत्र कॅलेंडर आणि घरकामाची वाटणी.
8. सर्व अर्ज, पोच आणि आदेश यांची एक फाइल, आणि तिची मोबाइलवर स्कॅन केलेली प्रत दोघांकडेही.